पारण्याच्या सकाळचा रिपोर्ट

एचबीएवनसी आठ पॉइंट चार आली, तेव्हा मी सांगलीच्या डॉक्टरांना सरळ म्हटलं, "हा रिपोर्ट दुसऱ्या कुणाचा तरी असेल." मला मधुमेह कसा असेल? भाद्रपदात तर तपासणी केली होती आणि त्यात तो निघाला नव्हता.

त्या तपासणीचं आधी सांगते, कारण ही चूक आमच्यातल्या बऱ्याच बायका करत असतील.

उन्हाळ्यापासून अंगात त्राण नव्हतं. घसा सारखा कोरडा पडे, रात्री दोन-तीनदा उठावं लागे. गावातल्या डॉक्टरांनी रक्त तपासायला सांगितलं. मी म्हटलं, पर्व होऊन जाऊ दे. आम्ही जैन. भाद्रपदातल्या दहा दिवसांच्या दशलक्षण पर्वात मी एकभुक्त राहते, म्हणजे दिवसातून एकदाच जेवते, आणि अनंत चतुर्दशीला कडक उपवास. लग्नापासून एकही वर्ष चुकवलं नव्हतं. पारण्याच्या सकाळी पोट तसंही रिकामंच, म्हणून तशीच जाऊन रक्त देऊन आले. आपल्याच हुशारीचं मला मोठं कौतुक वाटलं!

फास्टिंग एकशे चौदा. जरा जास्त, पण मधुमेह नाही, असं डॉक्टर म्हणाले. उपवासाचं मी त्यांना बोललेच नव्हते. "उपासानं साखर पळाली बगा," असं आमच्या ह्यांनी गावभर सांगितलं. मलाही वाटलं, पुण्य फळाला आलं. दोन्ही वेळची जेवणं सुरू झाली आणि तहान वाढली, पण रिपोर्ट चांगला म्हटल्यावर तक्रार कुणाजवळ करायची? टाचेची भेग चिघळून भरेना, तेव्हा दिवाळीनंतर सांगली गाठली.

तिथल्या डॉक्टरांनी शांतपणे समजावलं. फास्टिंग म्हणजे रात्रभर उपाशी राहून सकाळी दिलेल्या रक्तातली साखर. ती एकशे सव्वीस किंवा त्याहून जास्त आली, की मधुमेह धरतात. पीपी म्हणजे जेवणानंतर दोन तासांनी. या दोन्ही तपासण्या त्या त्या वेळेपुरतं सांगतात; दहा दिवस कमी खाल्लं म्हणून माझी फास्टिंग तेवढ्यापुरती उतरली होती. एचबीएवनसी मात्र हिमोग्लोबिनला चिकटलेली साखर मोजते, त्यावरून मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी कळते. साडेसहा किंवा जास्त म्हणजे मधुमेह. "अंगात रक्त कमी असेल तर हीसुद्धा फसवते. तुमचं हिमोग्लोबिन ठीक आहे."

सोबत आलेल्या ह्यांना तरी पटेना. आमची उसाची शेती, म्हणून मग डॉक्टर म्हणाले, "काका, एका उसाचा रस काढून अख्ख्या फडाचा साखरेचा उतारा सांगाल का?"

"न्हाई बा," हे म्हणाले.

खात्रीसाठी पुन्हा तपासण्या झाल्या. पुन्हा सुई, पुन्हा तो बाक, जेवून दोन तास नुसतं बसायचं. शेजारच्या बाईला झोप लागली, मला तीही नाही. निकाल तोच आला. गोळ्या सुरू झाल्या, त्याचं एवढं काही वाटलं नाही. पण डॉक्टर पुढे म्हणाले, "या गोळीवर उपाशी राहिलात तर साखर एकदम खाली जाईल, चक्कर येऊन पडाल. पर्वातले उपवास आता बंद." बाहेर येऊन मी रडले. साखरेसाठी नाही, पर्वासाठी.

तुमच्यावर ही वेळ आली तर तपासणीच्या आधीचे दिवस रोजच्यासारखं जेवा. नुकतेच उपवास केले असतील तर डॉक्टरांना सांगा. एका चांगल्या आकड्यावर माझ्यासारखं विसंबून राहू नका.

यंदाचं पर्व आलं. "रानात राबणाऱ्याला उपास झेपत न्हाई," असं जन्मभर म्हणणारे हे पहिल्या सकाळी म्हणाले, "तुज्या वाटचं एकभुक्त मी धरतो." दोन दिवसांत तोंड उतरलं, चिडचिड सुरू झाली. तिसऱ्या दिवशी, दिवस मावळायच्या आत जेवायचं म्हणून मी जेवणाआधीची गोळी घेतली, तर ह्यांनीच माझं ताट वाढलं. गरम भाकरी पुढे ठेवून तिथंच बसले.

"नुसत्या वासानं जीव जातोय गं. आन् तू एवढी वरसं उपाशी राहून मला वाढत व्हतीस?"

मी भाकरी मोडली आणि पोटभर जेवले.