पाच वर्षांचे पाहुणे

दुर्ग स्टेशनवर उतरल्या उतरल्या पीटरनं विचारलं, "इथल्या हवेला लोखंडाचा वास येतो का?" मी मोठा श्वास घेतला. मला भज्यांचा वास आला. मुंबईहून निघाल्यापासून या उंच डच माणसानं प्रश्नांचा भडिमार चालवला होता, आणि खरं सांगायचं तर त्याची लागण मलाही झाली होती. रायपूरपर्यंत विमानानं येता आलं असतं, पण त्याला देश जमिनीवरून बघायचा होता. त्यामुळे गोंदिया, डोंगरगड, राजनांदगाव ही नावं मी त्याला वाचून दाखवत आले होते, आणि त्यानं ती मोडूनतोडून का होईना, पाठ केली होती.

आमचं काम काय, ते आधी सांगते. परदेशातल्या लोकांच्या पेन्शनचे वगैरे पैसे गोळा करायचे आणि आपल्यासारख्या वर येऊ पाहणाऱ्या देशांतल्या छोट्या-मध्यम कंपन्यांत हिस्सा घेऊन ते लावायचे. पाचेक वर्षं त्या कंपनीसोबत बसायचं, ती मोठी झाली की हिस्सा विकून निघून जायचं. देशाची दारं परदेशी पैशाला नुकतीच उघडली होती, त्यामुळे हे सगळं नवंच होतं. माझ्या आईला मी समजावून सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे पेइंग गेस्ट की!" 

स्टेशनवर रामटेके स्वतः आले होते, हातात झेंडूचे दोन हार घेऊन. त्यांचे वडील भंडाऱ्याहून भिलाईच्या पोलाद कारखान्यात नोकरीला आलेले. रामटेक्यांनीही तिथंच बरीच वर्षं काढली आणि मग नोकरी सोडून स्वतःची फाउंड्री (लोखंड ओतून यंत्रांचे भाग बनवायचा कारखाना) काढली. आता जामुलच्या सिमेंट कारखान्याचं मोठं काम त्यांना मिळू घातलं होतं. त्यासाठी दुसरी भट्टी हवी होती. ती उभी राहिली नाही तर काम कलकत्त्याला जाणार होतं. म्हणून आम्ही.

"जय भीम, मॅडम. तुमी मराठी? मंग त घरच्याच झाल्या," ते म्हणाले, आणि पीटरच्या गळ्यात हार घालायला टाचांवर उभे राहिले.

वाटेत पोलाद कारखान्याच्या वसाहतीत, सिविक सेंटरच्या बाजारात, चहा प्यायलो. रुंद, सरळ रस्ते, दोन्हीकडे झाडं, आणि सेक्टरमागून सेक्टर एकाच साच्यातून काढलेली क्वार्टर्स. "इथं माणूस आपलं घर ओळखतो कसं?" पीटरचा प्रश्न. "स्कूटर पाहून जी," रामटेके म्हणाले. पीटरला हे इतकं आवडलं की त्यानं ते मला दोनदा सांगायला लावलं.

फाउंड्रीच्या फाटकापासून आतपर्यंत दगडांना चुना मारलेला होता. मोठी रांगोळी. जमीन झाडून, पाणी शिंपून लख्ख. यंत्रांना हार. आणि भिंतीलगत, परीटघडीचे शर्ट घालून, हात जोडून उभे असलेले कामगार. देखावा सुंदर होता, फक्त कुणी काही करत नव्हतं. पीटर सगळीकडे हिंडला, मग भट्टीजवळ गेला आणि त्यानं तिच्या अंगावर तळहात ठेवला. गार.

"कधीपासून बंद आहे?" त्यानं विचारलं.

"दोन दिवस झाले जी, हातच नाई लावला!" रामटेके अभिमानानं म्हणाले. मी भाषांतर केलं आणि पीटरचा चेहरा उतरला.

जेवण त्यांच्या घरी होतं. कमलताईंनी, म्हणजे रामटेक्यांच्या पत्नीनं, पाटवड्यांचा झणझणीत रस्सा केला होता आणि सोबत चीला (तांदळाच्या पिठाचं धिरडं). पीटर हळूच मला इंग्रजीत म्हणाला, "माणूस भला आहे. पण याच्याकडे काम नाही. उद्या सकाळच्या गाडीनं निघू." मला फार वाईट वाटलं. रस्सा मात्र मी दुसऱ्यांदा मागून घेतला, लाज सोडून.

"साहेब कावून गप झाले जी? तिखट लागलं का?" रामटेक्यांनी विचारलं.

मी आडपडदा न ठेवता सांगून टाकलं. त्यांचा घास हातातच राहिला.

"काम नाई? अवो मॅडम, मागच्या शेडमंधी ताडपत्रीखाली ऑर्डरीचे साचेच साचे भरून ठेवले हायेत! खराब दिसते म्हनून लपवले. स्टील प्लांटमंधी मोठा पाहुना आला का आमी असंच करत होतो. साफसफाई, चुना, काम बंद. साहेबाच्या कपड्यावर ठिनगी उडाली त?"

"अन् मी सकाळपासून राख उचलून राहिली!" कमलताई कपाळावर हात मारत म्हणाल्या.

मी पीटरला सांगितलं. तो असा हसला की पाण्याचा पेला कलंडला. जेवण होताच त्यानं स्वतः जाऊन ताडपत्री उचलली. कामगारांचा मुखिया, जवळच्या अहिवाऱ्याचा एक छत्तीसगढी गृहस्थ, एवढंच म्हणाला, "चलव, भट्ठी बारबो" (चला, भट्टी पेटवू). आमची तिकिटं सकाळऐवजी उद्या संध्याकाळच्या गाडीवर ढकलली गेली.

दुसऱ्या दिवशी तीच जागा ओळखू येईना. लाकडं, दगडी कोळशाचा कोक, पंख्याचा घरघराट, धूर. रांगोळी केव्हाच पुसली गेली होती. दुपारी भट्टीचं तोंड फोडलं आणि केशरी रस पातेल्यात धो-धो आला. मी मागे सरले, पीटर पुढे सरकला. त्याच्या शर्टाला बाहीवर भोक पडलं, आणि ते तो सगळ्यांना दाखवत सुटला.

मग विटांच्या ढिगावर बसून त्यानं अटी सांगितल्या. पैसे लावू, हिशेबात लक्ष घालू, पाच वर्षांनी हिस्सा विकून जाऊ.

"कोनाले विकान?"

"जो चांगली किंमत देईल त्याला," पीटर म्हणाला. मला हे भाषांतर करताना बरं वाटेना.

रामटेक्यांनी भट्टीकडे पाहिलं. "माहा बाप इथं दोन वर्षांसाठी आलता," ते म्हणाले. "इथंच माती झाली त्याची. तुमी बसाच्या आधीच जाची गोष्ट करून राहिले." मग मान हलवत म्हणाले, "ठीक हाय. या, बसा, पैसे लावा. जा बी. पन जासान तवा भट्टी चालू राहिली पायजे. घेनाऱ्यानं ती बंद करून जागा विकाले काढली त मी या पोराइले काय सांगू?"

मी ते पीटरला सांगितलं. त्यानं हात पुढे केला. रामटेक्यांनी तो दोन्ही हातांत घेतला.

गाडी सुटताना कमलताईंनी खिडकीतून डबा आत दिला. "खाली डबा पोस्टानं नोका धाडजा, घिऊनच येजा," म्हणाल्या.

मुंबईत आल्यावर मी अहवाल लिहिला. त्यात आम्ही बाहेर कसे पडणार, असा एक भाग असतोच. तिथं मी रामटेक्यांची अट लिहिली. पीटरनं ती खोडली नाही, वकिलांनी खोडली. असल्या वाक्याला करारात जागा नसते म्हणाले. पैसे मंजूर झाले, दुसरी भट्टी उभी राहिली, जामुलचं काम सुरू झालं. या सगळ्याचा मला आनंद आहे, आणि धास्तीही तेवढीच आहे.

पाच वर्षं अजून व्हायची आहेत. होतील तेव्हा विक्रीचा निरोप घेऊन बहुधा मलाच पाठवतील. हिस्सा कुणाच्या हाती जातोय, हे ठरवणारी मी नव्हे. पण हिस्सा विकला गेल्यावर मी एकदा पुन्हा जाणार आहे, डबा घेऊन, आणि आधी अजिबात कळवणार नाही. दुर्गला उतरून थेट फाउंड्रीत जाईन आणि भट्टीवर तळहात ठेवीन. भाजला तर बरं.