मामांचा न घेतलेला ट्रेलर

माझ्या बायकोच्या मामांइतक्या टायरांना लाथा मारलेला माणूस सबंध कतारात दुसरा सापडायचा नाही. ट्रेलर चालवणाऱ्याने निघण्यापूर्वी गाडीभोवती एक प्रदक्षिणा घालावी, प्रत्येक चाकाला बुटाचं टोक हाणावं आणि आवाजावरून हवा ओळखावी, हे ठीकच आहे. पण मामांचा पाय कुठलंही चाक दिसलं की शिवशिवतो. माझ्या मोटारीत बसण्याआधी ते चारही चाकांची विचारपूस करतात. अल अझीझियातल्या आमच्या घराजवळच्या सुपरमार्केटात सामानाच्या ढकलगाडीची करतात. एकदा शेजारच्या बाईंनी बाळाची गाडी लिफ्टपाशी उभी केली होती, तर मामांनी तीही बाळासकट तपासली आणि "मागलं डावं जरा डुगडुगतंय" असा निकाल दिला. बाई केरळच्या, मराठी न समजणाऱ्या, त्यामुळे निभावलं. माझ्या शेजारच्या सीटवर बसले की त्यांचा उजवा पाय नसलेल्या ब्रेकवर सारखा दाबलेला असतो. वेस्ट बे भागातलं माझं ऑफिस बघायला आले होते तेव्हा लिफ्ट खाली निघताच त्यांनी दांडा घट्ट धरला आणि चालवणारा कुणी नाही हे ठाऊक असूनही "दमानं, दमानं, उतार हाय" असं बजावलं.

मामा मूळचे कराडकडचे. निम्मं आयुष्य इथल्या एका कंपनीचा ट्रेलर चालवण्यात गेलं. मामी गावाकडे, मामा कंपनीच्या कँपात, आणि शुक्रवारचं जेवण आमच्याकडे. माणूस तसा समाधानी. पण त्यांच्या मनात एक किडा होता. मरायच्या आधी, म्हणजे त्यांच्या भाषेत 'गावाकडं रिव्हर्स घ्यायच्या आधी', एकदा तरी स्वतःच्या मालकीचा ट्रेलर चालवायचा. "कंपनीची गाडी म्हंजी सासरची भांडी, जावईबापू," ते मला सांगत. "घासायची आपन आन् नाव सासूचं." मालक व्हायचं की कंपनीतच राहायचं, हा प्रश्न आमच्या घरी इतके शुक्रवार चर्चेला होता की आमच्या पुरणपोळीलाही तो पाठ झाला असावा.

आणि ही चर्चा मामा एकट्यानेच करत. त्यांची पद्धत ठरलेली होती. सोफ्यावर बसले की ते कंपनीच्या बाजूने बोलत: राहायला खोली, सुट्टीचं तिकीट, टायर फुटला तर कंपनीचा, आजारी पडलं तर बदली ड्रायव्हर. मग एकदम उठून जेवणाच्या टेबलाच्या खुर्चीवर जाऊन बसत आणि मालकाच्या बाजूने स्वतःलाच खोडून काढत: कुणाची हुकमत नाही, मनाला येईल तो माल घ्यावा, नाही तर यल्ला, दुसरा बघावा! खुर्चीवरून ते सोफ्याकडे अशा रागाने बघत की तिथे खरंच कुणी भित्रा माणूस बसला असावा. बायको चहा घेऊन मध्येच अडकून पडे. आमची मुलगी मराठी सगळं समजते, पण उत्तर इंग्रजीत देते. ती तर मामांना दार उघडतानाच विचारायची, "आजोबा, टुडे सोफा ऑर चेअर?"

काही वर्षांपूर्वी मामा सुट्टीवरून परतले तेव्हा सगळ्यांसाठी आणलेल्या चटण्या-लोणच्यांबरोबर त्यांनी एक पिशवी बायकोच्या हातात हळूच दिली. आत ट्रेलरच्या आरशांना बांधायचे दोन लाल गोंडे होते, चांगले हातभर लांब. "कपाटात ठेव, पोरी. कँपातली पोरं हसत्यात," ते म्हणाले. बायकोने साड्यांच्या कप्प्यात डांबरगोळ्या घालून गोंडे ठेवले. त्यानंतर दर शुक्रवारी जेवण झालं की मामा पाणी प्यायला म्हणून उठत, कपाट उघडून गोंडे बघत आणि परत येऊन थेट खुर्चीवर बसत.

मग खरंच घोडामैदान जवळ आलं. सियालकोटचे एक खानसाहेब कायमचे मायदेशी निघाले होते, त्यांचा ट्रेलर विकायचा होता. इथे परदेशी माणसाला लागतो तसा कागदोपत्री भागीदार व्हायला एक कतारी गृहस्थही तयार होते. उरलं होतं ते मामांनी हो म्हणणं. एका शुक्रवारी सकाळी गाडी चालवून बघायचं ठरलं आणि साक्षीदार म्हणून मामांनी खानसाहेबांबरोबर मलाही वर चढवलं. निघण्यापूर्वी त्यांनी चाकांखाली लिंबं ठेवली. "सौदा तो होने दो, भाईजान!" खानसाहेब हसून म्हणाले. मामांनी ऐकलंच नाही. लिंबं चिरडत रिकामा ट्रेलर दुखानच्या रस्त्याला लागला, आणि मी मामांकडे बघतच राहिलो. पाठ ताठ, मान किंचित कलती, चेहऱ्यावर नवरदेवाची लाज. एकदाही कुणाला शिवी दिली नाही.

अर्ध्या वाटेवर कुठूनतरी 'फुस्स' असा आवाज यायला लागला आणि ब्रेकची हवा उतरू लागली. मामांनी गाडी शांतपणे कडेला घेतली, मागे त्रिकोण ठेवला, सावलीला आले आणि सवयीने फोन लावला. "फोरमनसाब, ब्रेक का हवा जाता है. दुखान रोड. शहानिया का आगे." बस, एवढंच. आम्ही खानसाहेबांच्या थर्मासमधला चहा प्यायलो. तासाभरात पिकअप घेऊन मेकॅनिक आला, गाडीखाली शिरला, पाइप बदलून बाहेर आला आणि हात पुसता पुसता त्याने दरवाजाकडे बघितलं. तिथे कंपनीचं नाव नव्हतं.

"चाचा, ये गाडी किसका है?"

मामांच्या हातातला कप तसाच राहिला. मालकीच्या हौसेने आणलेली गाडी बिघडली, तर त्यांनी कंपनीच्या वर्कशॉपला बोलावून घेतलं होतं! खानसाहेब हसता हसता रस्त्याकडेच्या दगडावरच बसले. माझंही हसू आवरेना. मामांनी मात्र कानाची पाळी धरून पुन्हा फोन लावला आणि चूक कबूल केली, पाइपाचे पैसे भरतो म्हणाले. पलीकडून फोरमनचा मल्याळी हिंदीतला ओरडा मलाही ऐकू आला. "अरे, तुम्हारा आवाज सुना, आदमी भेजा. गाडी किसका, कौन पूछा? खलास! घर जाओ!"

पुढच्या शुक्रवारी आले ते सोफ्यावर बसले, आणि जेवण होऊन चहा आला तरी उठले नाहीत. बायकोला राहवेना. "मामा, काय ठरलं?"

"न्हाई घेत," ते म्हणाले. मग बशी खाली ठेवली. "पैशाचं काय न्हाई गं. मालकाला फोन लावायला कुनी नसतंय. खान एवढी वर्सं मालक हाय, पर त्या दिवशी 'आता कुनाला बोलवायचं' म्हनून त्योच माझ्या तोंडाकडं बघत व्हता."

त्या दिवशी ते कपाटापाशी गेले नाहीत. मला वाईट वाटलं. सोफा बरोबर आहे हे मी मनातून नेहमीच मानत आलो होतो, पण जिंकावी खुर्चीने, असंही मला फार वाटत होतं.

गेल्या महिन्यात द पर्ल बेटावरून घरी येताना माझी मोटार बंद पडली. विमा कंपनीचा मदतीचा नंबर समोरच्या काचेवर चिकटवलेला होता, तरी मी फोन लावला तो मामांना. त्यांनी गाडी कुणाची, काय झालं, काही विचारलं नाही. "कुटं हायसा?" एवढंच. कँपातल्या कुणाची तरी गाडी मागून ते आले, बॅटरीच्या तारा घासूनपुसून बसवल्या आणि मोटार सुरू झाली. मला एकदम भरून आलं. मी म्हणालो, "मामा, ते गोंडे माझ्या आरशाला बांधू का? तुमची आठवण राहील."

त्यांनी माझ्या तळहाताएवढ्या आरशाकडे बघितलं आणि हसले. "हितं व्हय? जमिनीला लोळतील की." मग चाकांकडे वळत हलकेच म्हणाले, "ऱ्हाऊ द्यात कपाटात. ते ट्रेलरचं हायत."

चारही चाकांना लाथ घालून ते निघून गेले. बायको अजून दर वर्षी साड्यांच्या कप्प्यातल्या डांबरगोळ्या बदलते, आणि गोंडे एकदा गॅलरीत नेऊन झटकून आणते.