एका शब्दात अडकलेले मामाजी

परतीच्या बसमध्ये मूर्तिजापूर मागे पडलं आणि नंदामावशींचा फोन आला. नंदामावशी आमच्या शेजारच्या. त्या दिवशी त्यांच्या भरवशावर मामाजींना सोडून मी अमरावतीला एका कॉलेजात नोकरीच्या मुलाखतीला गेले होते. मामाजी म्हणजे माझे सासरे. आमच्याकडे सुना सासऱ्यांना मामाजीच म्हणतात. "कुठी हायेस वं तू?" मावशींनी विचारलं, आणि मी सांगेपर्यंत त्या रडायलाच लागल्या. "चहा पाजून राहिली होती मी... अन् मान टाकली वं त्यायनं." अकोला अजून तासभर लांब होतं. मी खिडकीशी, बाजूच्या बाई मांडीवर पिशवी घेऊन झोपलेल्या, वाटेत पोती रचलेली. उठून उभं राहायला जागा नव्हती, आणि उभी राहून तरी काय करणार होते... तासभर तशीच बसून राहिले. डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. सकाळी दारातून मी विचारलं होतं, "मामाजी, जाऊ ना मी?" आणि ते म्हणाले होते, "हाव." त्यांचा डावा हात चादरीखाली होता. तो मी पाहिला नाही. बस चुकेल म्हणून चपला घातल्या आणि निघाले. ते खरंच हो म्हणाले होते का, हे आता मला कधीच कळणार नाही.

मामाजी मूळचे हिवरखेडचे. कृषी विद्यापीठात कीटकशास्त्राच्या विभागात त्यांनी सगळी नोकरी केली. कपाशीच्या ओळींतून वाकून चालायचं, पानं उलटून अळ्या मोजायच्या, वहीत लिहायचं, हे त्यांचं काम. तरुणपणी कधीतरी कपाशीवरच्या किडींचा अभ्यास करायला एक परदेशी शास्त्रज्ञ विभागात आला होता. सुटीच्या दिवशी तो नदी शोधत हिंडायचा आणि मामाजी त्याला वान नदीवर घेऊन जायचे. परत जाताना तो आपली मासे धरायची काठी मामाजींना देऊन गेला. बारीक, लवलवती, चार तुकडे एकात एक बसणारी. ह्या काठीच्या गळाला गांडूळ नाही, पीठ नाही. गळावर पिसं आणि दोरे बांधून खोटा किडा करायचा आणि तो जाड दोराच्या वजनावर दूर पाण्यावर अलगद टेकवायचा. मामाजी त्या खोट्या किड्याला पाखरू म्हणायचे. कोंबडीवाल्याकडून मानेची पिसं मागून आणायचे, माझ्या जुन्या साडीची जर उसवून न्यायचे, आणि टेबलाला बसवलेल्या छोट्या शिकंज्यात गळ पकडून तासन् तास पाखरू बांधत बसायचे. अळ्या मोजून मोजून नजर अशी तयार झाली होती, की त्यांनी बांधलेला नाकतोडा एकदा खिडकीत ठेवला होता, तर मी झाडू घेऊन मारायला धावले होते.

आणि मासे ते खात नव्हते! अंडंसुद्धा नाही. हिवरखेडचे लोक हसायचे, "पकडता अन् सोडून देता? मंग जाता काहून?" मामाजी उत्तर देत नसत. मी मात्र लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी न राहवून विचारलंच. ते म्हणाले, "त्याले वाटते का हे खरं हाये. तेवढं वाटलं का माहं काम झालं." हे सांगताना ते इतके लाजले, की मला हसू आवरावं लागलं.

सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेलेल्या. नवरा, प्रशांत, नोकरीला पुण्यात. मी अकोल्यात शिकवत होते, म्हणून अकोल्याच्या तिसऱ्या मजल्यावरच्या त्या फ्लॅटमध्ये आम्ही दोघंच. संध्याकाळी मामाजी गच्चीवर काठी घेऊन जायचे, टाकीजवळ एक घमेलं ठेवायचे आणि दोर फेकून घमेल्यात पाखरू टाकायचा सराव करायचे. हळूहळू मलाही हातात काठी मिळाली. माझा दोर सारखा डोक्याभोवतीच गुंडाळायचा. "घाई नको करू," ते म्हणायचे, "मांगं दोर पुरा उलगडू दे, मंगच फेक. तू उलगडूच देत नाहीस." दोनदा ते मला वानवर घेऊनही गेले. सातपुडा सोडून नदी खाली उतरते, जंगलाची हद्द संपते, तिथे खडकांमधले डोह होते. एका डोहात मोठा महाशीर मासा राहतो, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यांना तो तीनदा लागला होता आणि तिन्ही वेळा सुटला होता. मला दोन्ही वेळा फक्त पाणी दिसलं.

मग एका ऑगस्टमध्ये, दाढी करता करता, त्यांना लकवा मारला. उजवा हात, उजवा पाय आणि बोलणं गेलं. डॉक्टर म्हणाले, समजतं त्यांना सगळं, फक्त शब्द बाहेर येत नाहीत. येतील, कदाचित येणारही नाहीत. एक शब्द मात्र आला. पाचव्या दिवशी मी विचारलं, "पाणी पाहिजे?" आणि ते म्हणाले, "हाव." मला इतका आनंद झाला, की मी तिथूनच प्रशांतला फोन लावला. पुढे कळलं, दुसरा शब्द येणारच नव्हता. दूध घेता? हाव. दूध नको? हाव. खिडकी लावू? हाव. उकाड्यात घामाने भिजलेला माणूस, आणि त्याच्या तोंडातून खिडकी लावायला होकार... नाही म्हणायचं असलं तरी त्यांच्या तोंडून हो निघायचं. पाहायला येणारे लोक खूश होऊन जायचे. "कसे आहात, बरं वाटते ना आता?" "हाव." खाली उतरताना जिन्यात म्हणायचे, मस्त झाले वं तुझे मामाजी.

मी नोकरी सोडली. कोणी सोडायला लावली नाही, पण दुसरं काही उरलंच नव्हतं. इमारतीला लिफ्ट नव्हती, त्यामुळे त्यांना डॉक्टरकडे न्यायचं म्हटलं तरी चार माणसं गोळा करावी लागायची. हळूहळू डॉक्टरच घरी यायला लागले आणि मामाजींचं उतरणं बंद झालं. माझंही भाजी, औषधं आणि दूध एवढ्यापुरतंच राहिलं. उन्हाळ्यात कूलरच्या आवाजात आम्ही दोघं दिवसच्या दिवस काढायचो. मी विचारायची, ते हाव म्हणायचे, आणि मला जे सोपं असेल ते मी करून टाकायची. हे लिहायला मला लाज वाटते, पण तसंच होतं. ज्याला नाही म्हणता येत नाही, त्याला सांभाळणं सोपं असतं.

काठी त्यांच्या समोरच्या भिंतीवर दोन खिळ्यांवर आडवी ठेवलेली होती. दुसऱ्या दिवाळीला प्रशांत आला आणि घर आवरायला काढलं. अमरावतीच्या त्याच्या एका ओळखीच्या गृहस्थांना अशा काठीचा शौक होता. प्रशांत कॉटजवळ बसला, प्रेमानेच म्हणाला, "बाबा, ही काठी त्यायले देऊन टाकू का? पडूनच हाये. कोणी वापरन तरी."

"हाव," मामाजी म्हणाले. मग पुन्हा, "हाव! हाव! हाव!" चेहरा लालबुंद झाला, डोळ्यांत पाणी आलं, आणि डाव्या मुठीत त्यांनी चादर इतकी आवळली की ती गादीवरून निघून आली. प्रशांतचेही डोळे भरले. "पाह्य, किती खूश झाले," तो मला म्हणाला.

मी समोर बसून मेथी निवडत होते. मला माहीत होतं. त्या घरात फक्त मलाच माहीत होतं, की हे हो नाही. आणि मी बोलले नाही. का बोलले नाही, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलं. ती काठी भिंतीवर असली, की ते दिवसभर तिच्याकडे पाहत राहायचे आणि ते पाहणं मला सहन होत नव्हतं. ती गेली तर बरंच होईल, असं मला वाटलं. खरं कारण एवढंच.

त्यानंतर आठवडाभर त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. घास घ्यायचे, पाणी प्यायचे, आणि मान भिंतीकडे. रिकामे दोन खिळे. एका दुपारी मी त्यांचा डावा हात पुसत होते. पुसता पुसता मला ती आवळलेली मूठ आठवली. मी हात तसाच धरून ठेवला आणि म्हटलं, "मामाजी, तोंडानं काही बोलू नका. हो असलं तर पंजा उघडा ठेवा. नाही असलं तर मूठ वळा. काठी द्यायची होती का?"

मूठ वळली.

"मले माहीत होतं. मी बोलायले पायजे होतं का?"

बराच वेळ ते माझ्याकडे पाहत राहिले... आणि मग एकेक बोट सोडवत त्यांनी पंजा पूर्ण उघडला.

इतकी साधी गोष्ट सुचायला मला सव्वा वर्ष लागलं होतं. त्या दिवशी आम्ही संध्याकाळपर्यंत बोलत बसलो. दुधात साखर जास्त होते? पंजा. रेडिओवर भजनं पाहिजेत? मूठ. नंदामावशी फार बोलतात? पंजा, आणि वर हसणं. सव्वा वर्ष मी ह्या माणसाला गोड दूध पाजून भजनं ऐकवत होते.

मी अमरावतीच्या गृहस्थांना फोन केला आणि जे घडलं ते सगळं खरं सांगितलं. पुढच्या रविवारी ते स्वतः काठी घेऊन तीन जिने चढून आले, मामाजींच्या मांडीवर ठेवली आणि हात जोडून चहा न घेता गेले. मी मामाजींना विचारलं, "भिंतीवर लावू?" मूठ. "मग? वानवर जायचं?" पंजा असा उघडला, की बोटं मागे वाकली.

प्रशांतने फोनवर साफ नकार दिला. "पायऱ्यांवरून पडले तर कोण जबाबदार? तू एकटी काय काय पाहशील?" तो चुकीचं बोलत नव्हता. पण ह्या वेळी मी मेथी निवडत बसले नाही. म्हटलं, "त्यायले विचारलं मी. ते येतो म्हणाले." डिसेंबरात एका सकाळी खालचे भाजीवाले दोघे भाऊ, डॉक्टरांचे कंपाउंडर आणि भाड्याच्या गाडीचा ड्रायव्हर, अशा चौघांनी मामाजींना प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून, चादरीने बांधून खाली आणलं. प्रत्येक वळणावर खुर्ची तिरकी व्हायची आणि मामाजी म्हणायचे, "हाव, हाव." रस्त्यावर आल्यावर त्यांनी वर पाहिलं. वर्षभर त्यांच्या डोक्यावर फक्त छत होतं.

तेल्हारा, हिवरखेड करत नदीवर पोचायला दहा वाजले. त्या डोहाजवळ खुर्ची पाण्यात, घोट्याइतक्या खोलीवर ठेवली. त्यांनी बांधलेल्या पाखरांमधून त्यांनीच बोटाने एक दाखवलं, जरीच्या दोऱ्याचं. मी फेकायला लागले. पहिल्या दहा वेळा दोर माझ्याच मानेभोवती. अकराव्या वेळी मामाजींनी डाव्या हाताने माझं कोपर धरलं आणि काठी मागे गेल्यावर धरूनच ठेवलं. दोर मागे पूर्ण उलगडला. मग त्यांनी हात सोडला. पाखरू डोहाच्या पलीकडच्या खडकाशी जाऊन टेकलं, खरंच अलगद. दोनतीन वेळा तसंच झालं. आणि मग पाण्याखालून काहीतरी सोनेरी फिरलं, आणि काठी माझ्या हातातून जवळजवळ निघूनच गेली.

मला ओढायचंच सुचलं. मी दोर छातीशी घट्ट धरला, काठीची कमान झाली. "सोड!"

ड्रायव्हर बोलला असं मला वाटलं. वळून पाहिलं, तर मामाजी. त्यांचं तोंड उघडं होतं. "सोड!" पुन्हा, स्पष्ट, गच्चीवर ऐकला होता तोच आवाज. मी दोर सोडला. तो सणसणत काठीच्या चकरीतून निघाला, मासा खडकामागे वळला, आणि एकदम सगळं हलकं झालं. दोर तुटला होता.

दोर ढिला सोड म्हणत होते, की माशालाच सोड म्हणत होते? मी पाण्यात गुडघ्यावर बसले आणि विचारलं. पंजा आणि मूठ, दोन्ही नाही. ते नुसते हसत होते, खांदे हलेपर्यंत. मी म्हटलं, "मामाजी, बोला ना पुन्हा." त्यांनी तोंड उघडलं, बराच प्रयत्न केला, मानेच्या शिरा ताणल्या... आणि "हाव" निघालं. ड्रायव्हर पाठ फिरवून गाडीकडे गेला. दुपारी त्यांना परत वर चढवलं. त्यानंतर ते कधीच उतरले नाहीत आणि तो शब्दही पुन्हा आला नाही. मार्चमध्ये, मी अमरावतीला गेले त्या दिवशी, ते गेले.

त्याला आता सहा आठवडे झाले. त्यांची लोखंडी कॉट भाड्याची होती, ती तेरवीनंतर परत गेली. ती हॉलच्या मधोमध असायची, बाल्कनीतून आभाळ दिसावं म्हणून, आणि स्वयंपाकघरातून बाल्कनीत जायचं तर भिंतीला अंग घासत, तिच्या पायथ्याकडून वळसा घालून जावं लागायचं. आता तिथे मोकळी फरशी आहे. परवा प्रशांत बाल्कनीत बसला होता. मी त्याचा चहा घेऊन निघाले आणि भिंतीला चिकटून, कप सांभाळत, आडवी होऊन जायला लागले. तो पाहत होता. "सरळ ये ना," तो हळूच म्हणाला, "आता काय हाये मधात?"

मी थांबले. फरशीकडे पाहिलं. आणि भिंतीकडूनच गेले.