धरणाच्या पाण्यातला माझा वाटा

दोन हजारच्या दशकात बायको आणि मी सातपूरला एका गाळ्यात पाण्याखाली बोलायची यंत्रं बनवायचो. पाण्यात रेडिओ चालत नाही, आवाजच चालतो, आणि तोही तळाला, भिंतींना आपटून चोथा होऊन येतो. त्यात तिघे एकदम बोलायला लागले की भाजीबाजार. म्हणून होडीतलं यंत्र सतत पाणी चाचपायचं आणि ज्याचा आवाज स्वच्छ येतोय त्याला बोलायला जास्त वाटा द्यायचं. हे गणित बायकोचं. गाळ्यातल्या टाकीत ते झकास चालायचं.

इगतपुरीजवळच्या धरणावर चाचणी ठरली. दोन कसलेले पाणबुडे आणि तिसरा मी, हौशी. "पोट बघ आधी," बायको म्हणाली. पण मला मिरवायचं होतं.

धरणाच्या पाण्यात उभ्या असलेल्या, पाणी उपसायच्या काँक्रीटच्या विहिरीमागे, तळाशी, माझा पाय कुणाच्या तरी जुन्या मासेमारीच्या जाळ्यात गुंतला. ओढला तसा जास्तच आवळला. मुखवट्यातल्या माइकवर मी म्हणालो, "अडकलोय." मनगटावरचा दिवा हिरवा झाला की आपली पाळी. तो लाल होता. पुन्हा म्हणालो. लालच. कानात मात्र विहिरीच्या कडेला, उघड्या पाण्यात असलेल्या त्या दोघांचं बोलणं लख्ख येत होतं. वर गेल्यावर मिसळ कुठे खायची, यावर त्यांचा वाद चालला होता.

मग डोक्यात प्रकाश पडला. माझ्या आणि होडीच्या मध्ये विहिरीचं काँक्रीट होतं. माझा आवाज चोथा होऊन पोचत होता, म्हणून यंत्राने माझा वाटा काढून मिसळीला दिला होता. मी घाबरलो. साफ घाबरलो. ओरडत सुटलो, देवाचं नाव घेतलं, बायकोचं घेतलं. पाठीवरच्या टाकीतली हवा भराभर संपत होती, हे कळूनही श्वास आवरेना. गाळात काही दिसेना. शेवटी चाचपडत पायातल्या रबरी फिनचा पट्टा सापडला. तो सोडवला आणि अनवाणी पायाने वर आलो.

होडीत बायको लॅपटॉपवर वाकलेली होती. चेहरा उजळलेला.

"अरे, एवढे निरोप आजवर कधीच पार झाले नव्हते!"

होडीची कड धरून मी कसंबसं विचारलं, "आणि माझे?"

तिने पडद्यावर बोट फिरवलं. ते एका जागी थांबलं.

"शून्य," ती हळूच म्हणाली. "तू गप्प होतास ना रे?"

"नाही," मी म्हणालो. "तुलाच हाका मारत होतो."