लुरीनबाईंचं जड रिव्हॉल्व्हर

एकसष्टाव्या वर्षी लुरीन स्टिडहॅमने आयुष्यातलं पहिलं पिस्तूल घ्यायचं ठरवलं आणि केंटकीच्या त्या डोंगरी गावातले झाडून सगळे पुरुष तज्ज्ञ झाले. भटक्या कुत्र्यांनी महिन्याभरात तिच्या तीन शेळ्या फाडल्या होत्या. धाकट्या भावाने, डेल्बर्टने, तेवढंच निमित्त धरून टुमणं लावलं होतं, "ताई, घर विक आणि आमच्याकडे राहायला ये." डेल्बर्टची बायको झोपेतही सल्ले देत असे. त्यापेक्षा लुरीनला कुत्री परवडली असती.

शेवटी तह झाला. सहापैकी चार नेम लागले, तर डेल्बर्ट पुन्हा विषय काढणार नाही. नाही लागले, तर घर विकायचं.

क्लेटनच्या बंदुकांच्या दुकानात ती अडीचशे डॉलर घेऊन शिरली. त्यातच गोळ्याही बसवायच्या होत्या. तिने तोंड उघडण्याआधीच क्लेटनने एक चिमुकलं गुलाबी पिस्तूल पुढे केलं.

"बायका हेच नेतात. हलकं आहे, पर्समध्ये मावतं."

"पर्समध्ये माझा चष्माही मावतो. वेळेला सापडत नाही." तिने ते तळहातावर तोललं. "साबणाची वडी आहे ही. उडवल्यावर हाताला दणका किती बसेल?"

बाकावर कॉफी पीत बसलेले दोन म्हातारे एकदम खोकले. पिस्तूल जितकं हलकं तितका दणका जोरात, हे दुकानातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. तरी येणाऱ्या प्रत्येक बाईला तेच दाखवायचा रिवाज होता.

"तीनशे दहा," क्लेटन म्हणाला.

"त्यात रंगाचे किती?"

त्याने दुसरं काढलं. "हे घ्या. नवंकोरं, फक्त एकशे ऐंशी."

"तू उशाशी ठेवशील?"

क्लेटनने कान खाजवला. "माझ्याकडे आहे ना दुसरं."

"कळलं. ते खालचं दाखव."

खालच्या फळीवर एक पोलादी रिव्हॉल्व्हर पडलं होतं. पोलिसांनी जुनं म्हणून काढून टाकलेलं, कडांचा रंग उडालेला.

"जड आहे हो ते, लुरीनबाई."

लुरीनने अठ्ठावीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात तीनशे पोरांच्या सूपची पातेली उतरवली होती. तिने ते उचललं, गोळ्यांची चक्री उघडून रिकामी असल्याची खात्री केली. नळीच्या मुळाशी अंगठ्याचं नख धरून उजेड आत पाडला आणि दुसऱ्या टोकाने पाहिलं. मग चक्री मिटून, घोडा मागे ओढून तिने ती बोटाने हलवून बघितली. हलली नाही.

"बाहेरून झिजलंय, आतून चकचकीत आहे. कमरेला खूप लटकलंय, झाडलंय कमी. गोळ्यांच्या दोन पेट्यांसकट अडीचशे."

"परवडत नाही हो."

"दे रे," बाकावरून आवाज आला, "नाहीतर ती आता तुला तपासेल."

रविवारी चर्च सुटल्यावर खडीच्या खाणीत पत्र्याच्या सहा ताटल्या मांडल्या. डेल्बर्टने आधी स्वतःचं नऊशे डॉलरचं पिस्तूल काढलं, "बघून शीक" म्हणाला, आणि तिसऱ्याच गोळीला ते अडकलं. त्याने ते विकत घेतल्यापासून कधी पुसलंही नव्हतं.

लुरीनची पहिली गोळी डोंगरात गेली. पुढच्या पाचांनी पाच ताटल्या पाडल्या.

"एक चुकली," डेल्बर्ट म्हणाला.

"चार म्हणाला होतास."

"कुत्री काय अशी उभी राहतात होय?"

"नसतील राहत. आवाजाने पळाली तरी माझं भागलं." तिने चक्रीतून रिकाम्या पुंगळ्या एकेक करून काढल्या. "सोमवारी कुंपण घालायचंय. हातोडा घेऊन ये, आणि जेवून ये."