तेल्यांचा खण

नातीच्या केसांना खोबरेल लावताना अजून मला इस्राएलातल्या युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीतले पुस्तकांच्या कार्डांचे लाकडी खण आठवतात. तेव्हा कॉम्प्युटर नव्हते, आणि ‘बेने इस्राएल’च्या, म्हणजे आम्हा कोकणातून आलेल्या ज्यूंच्या, खणात निबंधापुरतंही काही मिळेना. सुट्टीत अश्केलोनला घरी गेले, तर माझ्या डोक्याला तेल चोळता चोळता आई म्हणाली, “अगं, कोकणात आपण शनवारी शब्बाथ पाळून घाणा बंद ठेवायचो. लोक शनवार तेली म्हणत. तेल्यांत बघ!”

तेल्यांच्या खणात आमची माणसं सापडली. आनंदानं मी ते, आईच्या शब्दांसकट, रूथला सांगितलं. आमच्यातलीच, माझ्याच वर्गातली मैत्रीण.

पुढे प्रोफेसरांनी भर वर्गात रूथचा निबंध वाखाणला. “तेल्यांत शोधायचं तुला सुचलं कसं?”

माझ्याकडे न बघता ती म्हणाली, “आई सांगायची.”

शब्द नेलास तर नेलास, रूथ. माझी आई कशाला नेलीस?