त्रेसष्ट टक्क्यांवर काढलेला प्लग

आमच्या आचरा गावच्या घरात पडवीतला कॉम्प्युटर आठ वर्षं मुकाट्याने चालत होता, आणि तेच मला खुपत होतं. लिनक्स नावाची एक सिस्टीम आहे, ती फुकट असते, कुणा एकाच्या मालकीची नसते, असं मी वाचलं आणि पडवीत स्वातंत्र्य आणायचं मनावर घेतलं. पडवीने ते मागितलेलं नव्हतं.

"ही इचारल्याशिवाय कायच करणा नाय," ती टाकून झाल्यावर मी बायकोला आणि आईला बजावलं. "नवीन काय टाकूचा झाला तर आधी पासवर्ड मागता, मगे इचारता, पुढे जाव, हो की नाय?"

"जुनी इचारीत नाय होती," बायको म्हणाली, "पण चालत होती."

ती तीन वर्षं पुण्याला नोकरी करत होती आणि महिन्यातून दोन दिवस घरी यायची. आता तिला घरी बसून करायच्या नोकरीची मुलाखत आली होती, सकाळी अकराला, कॉम्प्युटरवरून. ती मिळाली तर ती आचऱ्यात राहणार होती. नाही मिळाली तर रविवारच्या गाडीने पुन्हा पुणं. मुलाखतीसाठी एक ठरावीक प्रोग्राम हवा होता, एवढंच माझ्याकडे काम होतं.

तो मी टाकला. एकदा सिस्टीमच्या स्वतःच्या भांडारातून टाकला, एकदा कंपनीच्या साइटवरून उतरवून, आणि एकदा आपल्याच डब्यात बंद राहून बाकी सिस्टीमला हात न लावणाऱ्या प्रकारातला. स्क्रीनवर एकाच प्रोग्रामची तीन चित्रं दिसू लागली. पहिल्यात बायको दिसायची पण ऐकू यायची नाही, दुसऱ्यात ऐकू यायची पण दिसायची नाही, आणि तिसरा उघडतच नसे. मग महत्त्वाच्या दिवसाच्या आदल्या दिवशी कुठलाही शहाणा माणूस जे करणार नाही ते मी केलं. अख्खी सिस्टीम अपडेट करायला लावली. सिस्टीमने विचारलं, पुढे जाऊ का? मी ऐटीत हो म्हटलं.

ऑक्टोबर होता, दुपारचे चार. घाटाकडून ढग चढले आणि गडगडलं. आमच्याकडे गडगडलं की घरातल्या सगळ्या वायरी निघतात, आणि हे खातं आईकडे. टीव्ही, फ्रिज, मिक्सर, इंटरनेटचा डबा असं करत ती पडवीत आली. स्क्रीनवर त्रेसष्ट टक्के झाले होते.

"आये, थांब! काढू नको!"

"गडगडता हा, ऐकाक येना नाय?" म्हणत तिने प्लग ओढला. स्क्रीन काळा.

मी ओरडलो. "तुका ह्यातला कायएक कळना नाय! परत हात लावू नको!"

आई प्लग हातात धरून उभी राहिली. "वीज काय तुका इचारून पडतली?" एवढंच म्हणाली आणि आत गेली.

दहा मिनिटांनी शेजारच्या माडावर वीज पडली. शेंडा जळाला. शेजाऱ्यांचा टीव्ही, फ्रिज, इंटरनेटचा डबा, सगळं गेलं. आमच्या वायरी जमिनीवर लोळत होत्या, त्यामुळे घरात जळण्यासारखं काही उरलंच नव्हतं. मला फार लाज वाटली, आणि ती लपवायला मी जळका माड बघायला गेलो.

गेलेली लाइट सातला आली. मशीन चालू केलं तर काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं: आधीचं काम अर्धवट राहिलंय, पुरं करायला अमुक आज्ञा द्या. आज्ञासुद्धा त्यानेच लिहून दिली होती. मी ती तशीच्या तशी टाइप केली. जिथे थांबलं होतं तिथून काम मुकाट पुढे सरकलं.

"तुमच्यापेक्षा ह्येका जास्त अक्कल आसा," बायको म्हणाली. मग ती स्वतः बसली. तीनपैकी दोन प्रोग्राम तिने काढून टाकले आणि उरलेल्यात ती एकदाची दिसूही लागली, ऐकूही येऊ लागली.

सकाळी अकराला मुलाखत सुरू झाली तेव्हा आई खळ्यात, म्हणजे पुढच्या अंगणात, पाट टाकून, ढग चढतात त्या डोंगराकडे तोंड करून बसली होती. तासभर तिने मान वळवली नाही.

नोकरी मिळाली. बायको आता इथेच असते, आणि मशीनचा पासवर्डही तिच्याकडेच असतो. अपडेट तेवढं माझ्याकडे आहे, त्यापुरता पासवर्ड ती घालून देते. मशीन विचारतं, पुढे जाऊ का? मी खळ्याच्या दारात जाऊन विचारतो, "आये, आज करू?" ती "कर" म्हणाली की मगच मी हो दाबतो. त्या दिवसाची माफी मी अजून मागितलेली नाही. ती ते विसरलेली नसणार, कारण लख्ख ऊन असलं तरी "कर" म्हणण्याआधी ती बराच वेळ आभाळ बघत बसते, आणि मी दारात उभा असतो.